बुज्जम्माच्या नावाने दिलेली ओ

या ग्रुपवरचे अनुभव मी बहुतेक वेळा दुपारच्या डब्याबरोबर वाचते, आणि खरं सांगायचं तर हसत हसत वाचते. राग मानू नका, माझा पेशाच तसा आहे. गेली एकवीस वर्षं मी सोलापुरात समुपदेशक म्हणून काम करते. अंगात येणं, करणी, बाहेरचं... सगळं माझ्या समोरच्या खुर्चीत बसून गेलंय. घरात सावली दिसते असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारते झोप किती लागते, आणि मग विचारते घरात अलीकडे कोण वारलं. बहुतेकांचं उत्तर तिथेच सापडतं. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर खरंच भूत येऊन बसलं तर तू त्यालाही आधी फॉर्म भरायला लावशील. लावलाच असता.

तरी आज लिहायला बसले आहे. नावं बदलली आहेत. दोन हाका तेवढ्या खऱ्या ठेवल्यात, कारण त्या बदलल्या तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. क्लायंटची गोष्ट अशी चारचौघांत लिहिणं आमच्या पेशात चूक आहे, हे मला माहीत आहे. पण या प्रकरणातली ही माझी पहिली चूक नाही.

माझं क्लिनिक सात रस्त्याजवळ, एका मेडिकलच्या वर दुसऱ्या मजल्यावर आहे. एक खोली, दोन वेताच्या खुर्च्या, एक टेबल आणि पश्चिमेची खिडकी. माझी खुर्ची खिडकीला लागून. दुपारी तीननंतर तिथे असं ऊन येतं की माझा डावा हात कोपरापर्यंत काळवंडलाय.

राजम्मा माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या मागच्या वर्षी जानेवारीत. वय साठ-पासष्ट, सोलापूरच्या पूर्व भागातलं तेलुगू विणकर घर. नवरा मागावर काम करायचा, तो कधीच वारला होता. त्यांनी स्वतः चाळीसेक वर्षं विड्या वळलेल्या. डॉक्टरांनी पाठवलं होतं, कारण चार वर्षं पोटात अन्न ठरत नव्हतं आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. सून पद्मा त्यांना रिक्षाने घेऊन यायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. गुरुवारी दुपारी चारची वेळ ठरली.

पहिले तीन गुरुवार त्या काही बोलल्याच नाहीत. मांडीवर हात ठेवून बसायच्या आणि त्यांची बोटं आपोआप विडी वळत राहायची. पान नाही, तंबाखू नाही, नुसती बोटं. पान गुंडाळायचं, टोक दुमडायचं, दोरा मारायचा, की पुढची. मी बघत बसायचे. घाई केली की माणूस मिटतं, हे एवढ्या वर्षांत मला कळलंय.

चौथ्या गुरुवारी त्या बोलल्या. त्यांचं मराठी तोडकंमोडकं होतं, त्यात बाईमाणसाचं-पुरुषाचं सगळं एक.

"माझी पोरगी होता. विजया. घरात बुज्जम्मा म्हणायचं आम्ही."

बुज्जम्मा चोवीस वर्षांची होती. चार वर्षांपूर्वी एका दुपारी राजम्मा ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या आणि आतून हाक आली, "अम्मा." सुपात चार पानं राहिली होती. तेवढी वळून उठू म्हणून त्यांनी ओ दिली नाही. दुसरी हाक आली. तिसरी आलीच नाही. आत गेल्या तर पोरगी जमिनीवर पडलेली. फिट आली होती, असं डॉक्टर म्हणाले. आधी आत गेला असतात तरी फरक पडला नसता, असंही म्हणाले. ते त्यांना पटलं नाही.

"ती हाक मारला, मी ओ दिला नाही," राजम्मा म्हणाल्या. "आता मी रोज हाक मारते. ती ओ देत नाही. बरोबर आहे की तिचं."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "तू असाच बसतेस. बुज्जम्मासारखं. मान वाकडी करून."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या शास्त्रात याला ट्रान्सफरन्स म्हणतात. समोरचा माणूस आपल्या आयुष्यातलं जुनं नातं समुपदेशकावर चढवतो. कुणाला माझ्यात सासू दिसते, कुणाला शाळेतल्या बाई. ते ओळखायचं आणि योग्य वेळी हळूच त्याला दाखवून द्यायचं, हे माझं काम. याच्या उलटही होतं. माझ्या मनातलं काहीतरी समोरच्यावर चढतं. ते काउंटरट्रान्सफरन्स. ते फार सांभाळावं लागतं, कारण ते आपलं आपल्याला दिसत नाही. मी यावर कॉलेजात लेक्चर देते. दरवर्षी.

आता माझं सांगते. माझं माहेर मोहोळ. आई माझ्या भावाकडे असायची. तिला विसरण्याचा आजार होऊन तीन वर्षं झाली होती. दर रविवारी मी एसटीने जायचे, तिच्याजवळ बसायचे आणि संध्याकाळच्या आत परत यायचे. लहानपणी मी एका जागी ठरत नसे, अंगणात गोल गोल फिरत राहायचे, म्हणून आई मला भिंगरी म्हणायची. हे नाव फक्त तिचं. वडील सुनंदा म्हणायचे, भाऊ ताई. मी सोलापूरला कॉलेजात असताना ती स्टँडवर सोडायला यायची आणि गाडी हलेपर्यंत खालून ओरडत राहायची, "भिंगरे, खिडकीपाशी बसू नगंस, ऊन लागतंय!" सगळी गाडी वळून बघायची. मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं आणि मी मुद्दाम खिडकीपाशीच बसायचे.

आजार वाढला तशी आई आधी भावाचं नाव विसरली, मग सुनेचं. माझं सगळ्यात शेवटी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. तिने मान वळवून मोठ्या अदबीने विचारलं, "तुमी कुण्या गावच्या, बाई?"

मी सांगितलं, सोलापूरची. "लई लांबनं आलाव," ती म्हणाली. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी रडले. पन्नाशीला आलेली बाई, एसटीत, रुमाल तोंडाला लावून. मला एकच पाहिजे होतं. मरण्याआधी तिने एकदा, फक्त एकदा, मला माझ्या नावाने हाक मारावी.

त्याच आठवड्यातला गुरुवार. मी राजम्मांसाठी रिकाम्या खुर्चीची पद्धत वापरायचं ठरवलं होतं. सोपी असते ती. समोर एक रिकामी खुर्ची ठेवायची. गेलेलं माणूस तिथे बसलंय असं समजून क्लायंटने त्याच्याशी बोलायचं. मग क्लायंटनेच त्या खुर्चीत बसून, त्या माणसाच्या वतीने उत्तर द्यायचं. यात एक नियम अगदी पक्का आहे. समुपदेशकाने गेलेल्या माणसाच्या जागी कधीही बोलायचं नाही.

मी बाहेरून प्लास्टिकची खुर्ची आणून मध्ये ठेवली आणि म्हटलं, "राजम्मा, इथे बुज्जम्मा बसली आहे असं समजा. हाक मारा तिला."

त्यांनी खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जरा दयेनेच.

"खुर्ची ओ देत नाही, मॅडम."

"ती नाही देणार. हाक मारून झाली की तुम्हीच तिथे बसायचं आणि..."

"बुज्जम्मा," त्यांनी हाक मारली. खुर्चीला नाही, मला.

आवाज मोठा नव्हता. आई स्वयंपाकघरातून मारते तशी, काम थांबवून मारलेली हाक होती. खिडकीतून ऊन माझ्या हातावर पडलं होतं, खाली मेडिकलपुढे कुणीतरी स्कूटर लावत होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं —

"ओ, अम्मा."

मी समजून उमजून दिली नाही. पण दिली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला बरं वाटलं. किती महिन्यांनी कुणीतरी मला लेक म्हणून हाक मारली होती.

राजम्मांची बोटं थांबली. त्या रडल्या नाहीत, काही नाही. थोडा वेळ डोळे मिटून बसल्या आणि मग उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. पुढच्या गुरुवारी पद्मा दारातच म्हणाली, "मॅडम, काय केलं तुम्ही? अत्तम्मा जेवतायत की! दोन वेळा!" अत्तम्मा म्हणजे सासूबाई.

तिथेच मी थांबायला हवं होतं. त्यांना समजावायला हवं होतं, अडलेल्या केसमध्ये ज्यांचा सल्ला घ्यायचा असतो त्या पुण्याच्या माझ्या सुपरव्हायजर मॅडमना फोन करायला हवा होता. मी दोन्ही केलं नाही. राजम्मा दर गुरुवारी आल्या की दारातून हाक मारायच्या, "बुज्जम्मा." मी ओ द्यायचे. सहा गुरुवार. नोंदवहीत मी लिहायचे 'प्रगती समाधानकारक', आणि बुधवारपासूनच मला गुरुवारची ओढ लागायची. लाज वाटते लिहायला, पण तसंच होतं. त्या मधल्या एकाही रविवारी मी मोहोळला गेले नाही. कधी वर्कशॉप, कधी पाहुणे... कारणं काय, मिळतात. आता आईकडे जायला माझे पाय उचलत नव्हते.

एप्रिलमध्ये एकदाची गेले. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मला दारात बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. वर्षभरात असा फुलला नव्हता. वाटलं, ओळखलं!

"आलीस व्हय, बुज्जम्मा?" आई म्हणाली. "जेवलीस का गं?"

मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. वहिनी आतून पदराला हात पुसत आल्या.

"बगा की वन्सं, दीड म्हैना झाला, ह्येच चाललंय. बुज्जम्मा, बुज्जम्मा. कोन वं ही बुज्जम्मा? मला तर नाव बी नीट घेता येत न्हाय."

"कधीपासून?" मी विचारलं.

"मला चांगलं ध्येनात हाय. गुरुवार हुता, माजा उपास. चारचा च्या टाकला हुता आन् ह्या आतनं वरडल्या. मी पळत गेले. मला वाटलं पडल्याच."

मी फोन काढून कॅलेंडर बघितलं. वहिनींनी आदल्या दिवशी एकादशी होती असंही सांगितलं, त्यावरून तारीख लागली. ती तारीख मी इथे लिहीत नाही. मी पहिली ओ दिली तो गुरुवार. तीच वेळ.

तुम्हाला वाटेल तसं मलाही वाटलं. नाव कुठून तरी पोचलं असणार. पण कुठून? घरी मी क्लायंटबद्दल बोलत नाही, नवऱ्यालाही राजम्मा माहीत नव्हत्या. नोंदवहीत पूर्ण नावं नसतात, फक्त आद्याक्षरं. भावाच्या शेजारी-पाजारी एकही तेलुगू घर नाही. भाऊ टीव्हीवर दक्षिणेचे डब केलेले सिनेमे बघतो, त्यात आलं असेल... यावर मी दोन दिवस तग धरून होते. नावाचं होईलही तसं. पण दिवस आणि वेळ?

शेवटी सुपरव्हायजर मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मला चांगलं झापलं. झापायलाच हवं होतं. आईचं त्यांनी योगायोगावर सोडलं आणि म्हणाल्या, "आधी त्या बाईंचं नीट संपव. तू त्यांची मुलगी नाहीस, हे तुझ्या तोंडून त्यांना ऐकू दे."

पुढच्या गुरुवारी मी तसं सांगितलं. "राजम्मा, मी बुज्जम्मा नाही. मी सुनंदा. मी ओ द्यायला नको होती. माझं चुकलं."

त्या जराही दचकल्या नाहीत. "मला माहीत आहे की, तू सुनंदा मॅडम आहेस. मी काय वेडी आहे?" मग म्हणाल्या, "पण ओ तर तूच दिला."

त्यांना मी दुसऱ्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. जाताना त्यांनी मला हाक मारली नाही. मी वाट बघत होते, हेही कबूल करते.

मला वाटलं होतं, हे थांबवलं की आईचंही थांबेल. मनातल्या मनात मी असा सौदाच केला होता. आईने भिंगरी म्हणू नये, तर निदान काहीच म्हणू नये. पुन्हा 'तुमी कुण्या गावच्या' म्हणावं, ते चालेल. पण आई उलट जास्तच मायेने बोलायला लागली. बुज्जम्मा, हितं बस. बुज्जम्मा, वाळलीस गं. इतकं प्रेम माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं आणि त्यातलं एकही अक्षर माझ्यासाठी नव्हतं.

जुलैमध्ये तिने अन्न सोडलं. शेवटच्या दिवशी, सकाळी दहाचा सुमार असेल, मी तिच्या उशाशी होते. वहिनी दूध कोमट करायला गेल्या होत्या. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "आई, मी भिंगरी. बघ की गं माझ्याकडे. तुझी भिंगरी."

तिने डोळे उघडले. अगदी स्वच्छ नजर होती, आजारातली नव्हती.

"भिंगरी न्हाय हितं," ती म्हणाली. "ती गेली की सोलापूरला. तिच्या आईपाशी."

मग माझा हात चाचपून तिने हाक मारली, "बुज्जम्मा."

मी काय करायला हवं होतं ते तुम्ही सांगा. माझ्या आईचा जीव जात होता आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी मेलेल्या पोरीला बोलवत होती. ओ दिली नसती तर ती पुन्हा बोलवत राहिली असती, आणि ओ न देणाऱ्या बाईचं काय होतं हे मी एवढ्या जवळून बघितलं होतं.

"ओ, आई," मी म्हटलं. अर्ध्या तासाने ती गेली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. आजारी म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, दमलेल्या लेकीचे कान, असं काहीतरी म्हणून गप्प बसले असते.

ऑक्टोबरात एका गुरुवारी पद्मा एकटीच क्लिनिकवर आली. राजम्मांची तब्येत छान होती, खाणंपिणं व्यवस्थित. पण दुसऱ्या मॅडमनी सांगितलं होतं की आधीच्या बाईंना एकदा विचारून या. तिने पर्समधून कागद काढला. नाव विसरू नये म्हणून लिहून आणलं होतं.

"मॅडम, भिंगरी कोण?"

मी कागद हातात घेऊन ते नाव वाचलं.

"जुलैपासून दुपारी चार वाजले की ओट्यावर येऊन बसतात आणि हाक मारतात. आमच्यात असं नाव नाही. पूर्ण गल्लीत नाही. आणि मॅडम, तेवढं एक मराठी एकदम साफ बोलतात. खेड्यातल्या बायका बोलतात ना, तसं. 'भिंगरे, खिडकीपाशी बसू नगंस, ऊन लागतंय.' आमच्या घराला त्या बाजूला खिडकीच नाही!"

ती हसली. मीही हसले असेन. माझा डावा हात उन्हात होता.

"तीन वेळा हाक मारतात, मग गप्प बसतात," पद्मा म्हणाली. "कुणीतरी ओ देईल म्हणून वाट बघतात, असं वाटतं. तुम्हाला काही बोलल्या होत्या का याबद्दल?"

त्या खोलीत मी स्वतःबद्दल कधी एक शब्द बोललेले नाही. मी मोहोळची आहे, हेसुद्धा राजम्मांना माहीत नव्हतं. तरी पद्मा गेल्यावर मी सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचल्या. काही नाही. सुपरव्हायजर मॅडम म्हणतात, तू नकळत बोलली असशील, माणसाला सगळं आठवत नाही. असेल तसं. माझ्याकडे दुसरं उत्तर नाही, आणि तुमच्यापैकी कुणी दिलंत तर मी वाचेन, हसणार नाही.

पद्माला मी सांगितलं, "नाही. मला माहीत नाही भिंगरी कोण."

ती जिना उतरून गेल्यावर मी माझी खुर्ची उचलली आणि खिडकीपासून लांब, दाराशी नेऊन ठेवली. ती अजून तिथेच आहे. गुरुवारी चारची वेळ मी कुणाला देत नाही. रिक्षाने गेलं तर राजम्मांचं घर दहा-बारा मिनिटांवर आहे. त्या ओट्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि एक ओ द्यायची, एवढंच. क्लायंटच्या घरी जायचं नसतं, असा आमच्यात नियम आहे, आणि या एका बाबतीत मी तो अजून तरी पाळते आहे. चार वाजतात, मी दाराशी बसून असते, आणि तिकडे माझी आई मला हाक मारत असते.